खिळ्यावरचा नान

समरकंद, ५ डिसेंबर २०१०

प्रिय शरोफत आपा,

तू गेलीस त्याला तेवीस दिवस झाले. पोचल्याचं हमरोकुल ड्रायव्हरच्या बहिणीकडून कळलं होतं. ती आपल्याच गल्लीत राहते, त्यामुळे तिच्या भावाचा ट्रक कुठे आहे हे आम्हाला रोज ऐकावं लागतं. पण तुझ्या हातचं पत्र नाही म्हणून आई रागावली आहे.

इकडची बातमी तुलाही कळली असेल. तू गेलीस आणि त्याच आठवड्यात सरहद्दीवरचं जार्तेपाचं फाटक बंद झालं. दुरुस्तीसाठी बंद, असा कागद लावलाय म्हणे. आईने विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, दुरुस्ती आहे, होईल महिन्या-दोन महिन्यांत. त्यावर ती म्हणाली, "तुझ्या नवऱ्याने न्हाणीघर दुरुस्तीला काढलं होतं, ते किती दिवस चाललं?" चौदा महिने, आपा. माझा नवरा चहाचा पेला घेऊन गुपचूप अंगणात निघून गेला.

लोक म्हणतात, दुरुस्ती नावाची आहे. दोन्ही सरकारांचं बिनसलंय, तुमच्या धरणावरून, आमच्या गॅसवरून. मला त्यातलं कळत नाही. मला एवढंच कळतं, की पंजकेंत इथून साठ किलोमीटर आहे आणि चाळीस वर्षं तू महिन्यातून एकदा तरी येत आलीस. आधी एकच देश होता तेव्हा एका बसने, मग दोन देश झाल्यावर दोन बसने, मग पाच दिवसांचा परवाना काढून. पण येत आलीस.

तुझा नान खिळ्यावर आहे. आठवतं ना, आईने तो तुझ्या तोंडाशी धरला तेव्हा तू चपला शोधत होतीस. "अगं आई, बस सुटेल!" असं ओरडता ओरडताच एक घास तोडलास. नेहमीसारखंच. उरलेल्यात दोरा ओवून आईने तो आपल्या खाटेजवळच्या खिळ्याला टांगला. तू येऊन उरलेला खाशील, मगच तो उतरायचा. आजवर तुझा एकही नान महिन्याच्या वर टांगून राहिलेला नाही. आईला आता जवळजवळ काहीच दिसत नाही, पण सकाळी उठली की ती आधी खिळ्याकडे हात नेते. तुझ्या पुढच्या दोन दातांत फट आहे ना, तिथे घासाच्या मधोमध पापुद्र्याची एक बारीक रेघ उभी राहिली आहे. आई त्या रेघेवरून बोट फिरवते आणि म्हणते, "आहे."

लवकर ये. न्हाणीघराआधी ये.

तुझी
मौलूदा


पंजकेंत, ९ जानेवारी २०११

लाडके मौलू,

पत्र मिळालं. पंचवीस दिवस लागले. शिक्के मोजले तर सहा. एवढा प्रवास मी जन्मात केला नाही.

दिलशोद रशियातून लिहितो, "आई, मी मोबाइल पाठवतो. त्यावर माणसाचा चेहराही दिसतो." मी कळवलं, तापाने माझे कान गेले, वयाने तुझ्या आजीचे डोळे गेले. तो मोबाइल आमच्या दोघींच्या मधे बसून काय करणार? तेव्हा पत्रच बरं. मी लिहीन, तू आईला वाचून दाखव. खाली घडी घातलेली चिठ्ठी असेल तर ती फक्त तुझी. आईच्या कानात कापूस घाल किंवा तू तोंड बंद ठेव, जे जमेल ते.

आई, तुला सांगते. दिलशोदची निगोरा दोन वर्षांची झाली. सून दिलशोदबरोबर रशियात, पोर माझ्याकडे. दिवसभर माझ्या मागे बोलत असते आणि मला काही ऐकू येत नाही. दोघी मजेत आहोत. मार्चात नवरोजला तिला घेऊन येते. तोवर फाटक उघडेलच. एवढी वर्षं एका नदीचं पाणी प्यालेली माणसं किती दिवस तोंड फिरवून बसणार?

काल जराफशानवर गालिचे धुवायला गेले होते. इथलं पाणी तुमच्याकडे एका दिवसात पोचतं. बर्फाळ पाण्यात हात घालून मी उगाच जरा वेळ बसून राहिले. शेजारीण म्हणाली, "हात गोठतील, काय करतेस?" मी म्हटलं, माहेरी निरोप देतेय. तिने मला वेड्यात काढलं असणार. ओठांवरून तसंच वाटलं.

नान सांभाळ. उंदरांपासून जप.

तुझी आपा
शरोफत


समरकंद, १४ जून २०१३

प्रिय आपा,

(आईला वाचून दाखवायचा भाग यात नाही. हे सगळंच घडी घातलेलं समज.)

नवरोज आले आणि गेले. दोन वेळा तुझे व्हिसाचे कागद परत आले, त्याबद्दल मी पुन्हा लिहीत नाही. आज दुसरंच लिहायचं आहे. तीन दिवस लिहायला बसते आणि उठते.

आपा, तुझा नान गेला.

माझ्या शेरझोदच्या लग्नानंतर घराचं रंगकाम काढलं. रंगाऱ्याची शिडी खिळ्याला लागली. अडीच वर्षांचा वाळलेला नान, जमिनीवर पडला तो मातीच्या ताटासारखा फुटला. मी बाजारात होते. नव्या सुनेने काय करावं? तिने तुकडे गोळा केले, कपाळाला लावले, अन्न पायाखाली येऊ नये म्हणून गच्चीच्या कठड्यावर नेऊन ठेवले. मी परत येईपर्यंत कबुतरांनी एक कण ठेवला नव्हता. तिला बोलायला माझ्याकडे तोंडच नाही. कुठल्याही घरच्या लेकीने हेच केलं असतं. रंगारी मात्र "नानच तर आहे, दुसरा आणा" म्हणाला, त्याला मी चहा दिला नाही.

आई तेव्हा ऊन खायला अंगणात बसली होती. मग मी जे केलं ते ऐकून तू मला मारशील. मी धावत उस्तो बोबोच्या तंदूरवर गेले, तसाच नान आणला, स्वतः एक घास तोडला, उन्हात वाळवला आणि खिळ्याला टांगला. संध्याकाळी आईने सवयीने हात नेला. बोट फिरवलं. थांबली. परत फिरवलं.

"हे दात तुझे आहेत, मौलू," ती म्हणाली. "तू सहा वर्षांची असताना साखरेचा खडा चोरून चावला होतास, तेव्हाही मी असंच ओळखलं होतं."

मग मी सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. दोन दिवस नुसता चहा. काल म्हणाली, "नान गेला म्हणजे तिचं येणं गेलं." मी म्हटलं, आई, असं नसतं. ती म्हणाली, "मग तू खोटा नान कशाला टांगलास?"

मी तो खिळ्यावरून उतरवला.

आपा, तुझ्या दातांचा एक नान पाठव. हमरोकुलला ट्रक घेऊन यायची परवानगी आहे. काहीही कर, पण पाठव.

मौलू


पंजकेंत, २० जुलै २०१३

आईला वाचून दाखव:

आई, असलामालेकुम. मौलूला मारू नकोस, ती लहानपणापासून घाबरट आहे. मी माझ्या तंदूरमध्ये नान भाजला, वर तीळ लावले, तू लावायचीस तसे. एक घास खाल्ला आहे. बाकीचा पाठवते. रस्ता बंद आहे म्हणून हमरोकुल डोंगर ओलांडून, खुजंदवरून, ताश्कंदवरून समरकंदला येणार. साठ किलोमीटरच्या घरी जायला सातशे किलोमीटर. तेव्हा नानवर खरचटलं असेल तर रागावू नकोस, त्याने माझ्यापेक्षा जास्त प्रवास केलाय. मी ठीक आहे. निगोरा साडेचार वर्षांची झाली. तुझ्यासारखी बोलते, म्हणजे थांबत नाही.

तुला माहीतच आहे, नान त्या घरातला लागतो जिथून माणूस निघतं. हा माझ्या घरातला आहे. पण मी मनाने रोज तुझ्या दारातूनच निघते आणि चपला शोधते. तेव्हा हा चालवून घे.

तुझी शरोफत


समरकंद, ३ सप्टेंबर २०१३

प्रिय आपा,

नान पोचला! हमरोकुलने स्वतः दारात आणून दिला, आणि त्याची गोष्ट ऐकायला अर्धी गल्ली अंगणात जमली. सरहद्दीवरच्या अधिकाऱ्याने म्हणे पुडकं उघडलं.

"हे काय? उष्टा नान?"

"साहेब, एकच घास खाल्लाय."

अधिकाऱ्याने नान उलटापालटा करून पाहिला. "कोण गेलंय?"

"गेलं कोणी नाही, साहेब. यायचंय."

 मग अधिकाऱ्याने स्वतःच्या हाताने नान परत कापडात बांधला आणि म्हणाला, "माझ्या आईकडे माझा टांगलाय. नऊ महिने झाले." हमरोकुल म्हणतो, त्यानंतर त्याने उरलेली सगळी गाडी कांद्याच्या शेवटच्या पोत्यापर्यंत खाली करून तपासली, ती गोष्ट वेगळी.

आईने नान मांडीवर घेतला. आधी वास घेतला. मग बोट फिरवलं.  तिने रेघ शोधली, सापडली. "हं. फट आहे," म्हणाली. परत फिरवलं, आणि मग, आपा, ती हसायला लागली. किती महिन्यांनी. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, "शरोफतचं तोंड लहान झालंय गं!"

मी म्हटलं, आई, काहीतरीच काय, माणसाचं तोंड लहान कसं होईल? ती म्हणाली, "होतं, होतं." आणि स्वतःच्या हाताने खिळ्याला टांगला. वयामुळे तिचं मन जरा भरकटायला लागलंय, तू मनावर घेऊ नकोस. पण त्या दिवसापासून जेवते आहे. काल तर सुनेने केलेल्या पुलावाला नावं ठेवली. म्हणजे बरी आहे.

तुझे किती उपकार मानू?

मौलू


पंजकेंत, ११ नोव्हेंबर २०१३

मौलू,

ही पूर्ण चिठ्ठी घडी घातलेली. वाचून चुलीत टाक.

आईचं मन भरकटलेलं नाही. माझंच काळीज चोर आहे. 

माझे पुढचे दात गेल्या वर्षी गेले. फट होती ते दोन्ही. हिवाळ्यात अंगणात बर्फावरून पडले. तुला लिहिलं नाही, कारण तू आईला वाचताना अडखळली असतीस आणि आईने ओळखलं असतं. दिलशोदच्या हट्टाने सोन्याचे बसवून घेतले. आता मी हसले की शेजारीण डोळ्यांवर हात धरते. तुझी चिठ्ठी आली, तशी मी तंदूर पेटवला, नान काढला, घास तोडला. सरळ रेघ. सुरीने कापल्यासारखी. फट नाही, काही नाही. त्या नानकडे पाहून मी ओट्याशी बसून रडले.

निगोरा आली. तिने माझ्या गालाला हात लावून विचारलं, "बिबी, नान जळला?" ती हसली आणि मला दिसलं. तिच्या दुधाच्या दातांत तीच फट. रोज पाहत होते, पण त्या दिवशी दिसली. मी दुसरा नान तिच्या तोंडाशी धरला आणि म्हटलं, एक घास खा. मोठा खा. तिने जेवढा मोठा जमला तेवढा खाल्ला.

म्हणजे बघ, तूही फसवलंस, मीही फसवलं. तुझं पकडलं गेलं, एवढाच फरक. असं मी समजत होते.

आता मला भीती वाटते ती वेगळीच. ज्याने घास खाल्ला त्यानेच येऊन उरलेला संपवायचा असतो. मी त्या पोरीला न विचारता बांधून ठेवलंय. जे घर तिने पाहिलेलं नाही, तिथे तिचा नान टांगलाय. आणि माझा तर कुठेच नाही.

आईला सांगू नकोस. तिला कळलं असलं, तरी तू सांगू नकोस.

शरोफत


समरकंद, २२ ऑगस्ट २०१७

प्रिय आपा,

हे पत्र आणि तार दोन्ही एकाच दिवशी पाठवते. तारेत डॉक्टरचा दाखला आहे, ती दूतावासात दाखवायची. आई उठत नाही आता. डॉक्टर म्हणाले, पानगळीपर्यंत. 

तू ये. या वेळी जमेल असं वाटतं. वसंतापासून दोन्ही राजधान्यांमध्ये विमान सुरू झालंय. पंचवीस वर्षांनी! टीव्हीवर तुमच्याकडचे गवई आमच्याकडे येऊन गातात, मोठी माणसं गळाभेटी घेतात आणि म्हणतात, आपण भाऊ-भाऊ. आईला आवाज ऐकू येतो. परवा म्हणाली, "भाऊ भेटले म्हणे. बहिणींचं काय ते विचार त्यांना."

आणखी एक. काल मी तिचे केस विंचरत होते. तिने खिळ्याकडे हात केला. मी नान काढून तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "शरोफतची नात कधी येणार? तिचा नान वाळतोय."

 मी विचारलं, आई, तुला कोणी सांगितलं? म्हणाली, "पोटच्या लेकीचं तोंड आणि तिच्या नातीचं तोंड, एवढं मला कळणार नाही? चार वर्षं झाली. तुम्ही दोघी एकमेकींना चिठ्ठ्या लिहिता, मला वाटलं तुम्हाला मजा येत असेल." मग जरा वेळाने म्हणाली, "शरोफतचे दात गेले असतील. दुखलं असेल. मला सांगितलं नाही."

तेवढंच. मग झोपली.

ये, आपा.

मौलू


पंजकेंत, १६ ऑक्टोबर २०१७

मौलू,

तीनदा दुशान्बेला दूतावासात जाऊन आले. पहिल्यांदा फोटोवर रुमाल कपाळावर आला होता म्हणून नवा काढायला सांगितला. दुसऱ्यांदा तारेवरचं आईचं आडनाव आणि माझ्या जन्मदाखल्यावरचं आईचं आडनाव वेगळं निघालं. तिथली मुलगी चांगली होती. तिने कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं: "काकू, ही तुमचीच आई आहे हे सिद्ध करा."  मग तिलाच रडू आलं.

तिसऱ्यांदा कागद घेतले. २४ तारखेला बोलावलंय. या वेळी देतील. मी पिशवी भरून ठेवली आहे. आईसाठी सुकवलेले जर्दाळू घेतलेत, पाण्यात भिजवून चमच्याने दे, असं सांगायचं होतं, पण आता मीच देईन.

आईला सांग, मी चपला घातल्या आहेत. शोधत बसणार नाही.

शरोफत


समरकंद, १९ ऑक्टोबर २०१७

आपा,

तार तुला आधी मिळेल. हे पत्र नंतर.

आई काल सकाळी गेली. दुपारच्या नमाजानंतर पुरुष तिला घेऊन गेले. बाया घरात बसल्या. माझ्या उजव्या बाजूची गादी मी रिकामी ठेवली. हमरोकुलची बहीण तिथे बसायला लागली, तर सुनेने तिचा हात धरून दुसरीकडे बसवलं. मी काही सांगितलं नव्हतं तिला.

शेवटच्या दिवशी आई दोनच गोष्टी बोलली. एकदा पाणी मागितलं. आणि एकदा, "तो खिळ्यावरचा काढू नका."

काढलेला नाही.

मौलू


पंजकेंत, ७ मार्च २०१८

मौलू,

माझं बरेच महिने पत्र नाही म्हणून तू काळजी केलीस. लिहायला काही नव्हतं. २४ तारखेला मी गेले नाही. पिशवी तशीच भरलेली कोपऱ्यात होती, परवा उघडली.

फाटक उघडलं. तू टीव्हीवर पाहिलंच असशील. पहिल्या तारखेला अख्खं पंजकेंत रस्त्यावर होतं. व्हिसा नाही, काही नाही, पासपोर्ट दाखवा आणि जा. म्हातारे लोक थंडीत कोट घालून चालत निघाले. आमची शेजारीण नातवाला कडेवर घेऊन गेली, संध्याकाळी परत आली तर हातात समरकंदचे चार नान आणि तोंडावर असं हसू, की मला ते पाहवेना. हमरोकुल दारात हॉर्न वाजवत उभा होता. मला ऐकू येत नाही हे विसरून वाजवत होता. निगोराने सांगितलं. मी म्हटलं, त्याला सांग, बिबीची तब्येत बरी नाही.

मौलू, कोणासाठी येऊ? साडेचार महिने. फक्त साडेचार महिने आधी उघडलं असतं. सव्वासात वर्षं तो कागद लावून ठेवला त्यांनी, आणि काढायचा तो आईच्या मागे. आणि माझा नान कबुतरांनी खाल्ला. खिळ्यावर माझं काही उरलेलं नाही. मी आले तरी कशाकडे आले म्हणू?

पण आज एक झालं, ते लिहायला बसले आहे. निगोरा शाळेतून आली, दप्तर ओतून रिकामं केलं आणि त्यात कपडे भरायला लागली. नऊ वर्षांची आहे आता. मला ओठ दिसावेत म्हणून समोर येऊन उभी राहिली आणि एकेक शब्द सोडवून बोलली:

"बिबी, तुला यायचं नसेल तर नको येऊस. माझा नान आहे तिथे."

मी म्हटलं, एकटी जाशील? म्हणाली, "हमरोकुलकाका आहेत. आणि नान संपवला नाही तर माणूस रस्त्यातच राहतं, असं तूच सांगितलंस."

कधी सांगितलं होतं? सांगितलं असेल. दिवसभर ती बोलते आणि मी ऐकत नाही, तशी मीही बोलत असेन आणि ती ऐकत असेल.

नवरोजच्या आदल्या दिवशी येतो. दोघी. फार स्वयंपाक करू नकोस.

शरोफत


समरकंद, २ एप्रिल २०१८

प्रिय आपा,

तुम्ही गेलात आणि घर असं झालंय, की सून दोनदा विचारून गेली, आज कोणी येणार आहे का.

तू होतीसच, तेव्हा तुला काय सांगू? पण एक तू पाहिलं नाहीस. पहिल्या दुपारी तू आईच्या खाटेवर पडलीस आणि तिथेच झोपलीस, तिच्या उशीत तोंड खुपसून. आम्ही तुला उठवलं नाही. तेव्हा निगोराने मला खुणेने बोलावलं. खिळ्याकडे बोट केलं. मी नान काढून दिला. चार वर्षं आणि वर काही महिने, दगडासारखा झालेला. तिने त्याच्या काठावरून बोट फिरवलं. कोणी शिकवलं नव्हतं तिला, आपा. रेघ सापडल्यावर माझ्याकडे पाहून म्हणाली, "माझं तोंड किती लहान होतं!"

मग विचारलं, "पणजीला कळलं होतं?"

मी म्हटलं, "पहिल्याच दिवशी."

"मग ती रागावली नाही?"

"हसली. रडेपर्यंत हसली."

त्यावर ती म्हणाली, "मग बरं." चहाचा वाडगा घेतला, खाटेजवळ जमिनीवर बसली आणि बुडवून बुडवून खायला लागली. सुनेने थोडा जाम आणून ठेवला, तर "नको, असाच खायचा असतो" म्हणाली. मी एक तुकडा मागितला. दिला नाही! म्हणाली, "मावशीआजी, तू कुठून आलीस? तू तर इथेच असतेस." तुझीच नात आहे. तू उठेपर्यंत अर्धा संपला होता, उरलेला तिने दुसऱ्या दिवशी संपवला आणि दोरा घडी करून आपल्या दप्तरात ठेवला. ज्या घरातून ती कधी निघालीच नव्हती, त्या घरी ती परत आली, आपा. हे आईला कळायला हवं होतं असं मी म्हणणार होते. पण तिला कळलंच असणार. तिने चार वर्षं त्याचीच वाट पाहिली.

 कबरीवरून येताना तू माझा हात धरलास, तो बाजारापर्यंत सोडला नाहीस. मला तेवढं पुरलं.

निघताना मी नान तुझ्या तोंडाशी धरला, तर तू मान फिरवलीस. "आता या दातांनी?" म्हणालीस. हमरोकुल हॉर्न वाजवत होता, निगोरा तुझ्या चपला शोधत होती आणि तू ओरडत होतीस, "अगं मौलू, सोड, उशीर होतोय!" आणि ओरडता ओरडताच तू घास तोडलास. तुला कळलंही नसेल. मला मात्र आईच्या जागी उभं राहिल्यासारखं झालं.

तुझा घास अगदी सरळ आला आहे. मधली रेघ नाही. गुळगुळीत. मी रोज सकाळी बोट फिरवते, अजून सवय होत नाही. पण होईल. निगोरानेही आपला घास खाल्लाय, दुसऱ्या बाजूने, ती म्हणाली दोघींना एकच नान पुरे. तिथे फट आहे.

हमरोकुल पुढच्या शुक्रवारी इकडे येतोय म्हणाला. त्याच्याबरोबर या. फार दिवस लावू नका. आज आठवा दिवस आहे, नान दाबून पाहिला, आतून अजून मऊ आहे.

तुझी
मौलू